परिसंस्थांची दुरुस्ती शिकायची आहे? नागपुरातून सुरुवात अशी करा

“पर्यावरणात काहीतरी करायचं आहे” असं बारावीनंतर घरी सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “म्हणजे झाडं लावणार का?” प्रश्न खोचक असतो, पण त्याचं नेमकं उत्तर बहुतेक मुलांकडे नसतं. म्हणून प्रवेशाच्या अर्जाआधी त्या उत्तराकडे बघू.

उमरेडकडे जाताना कोळशाच्या खुल्या खाणींशेजारी सपाट माथ्याचे करडे डोंगर दिसतात. ते डोंगर नाहीत. कोळशावरची माती, मुरूम आणि दगड उपसून रचलेले ते ढिगारे आहेत. खाणीवरची माणसं त्याला ओबी म्हणतात. तिथे वरची माती खाली गेली आणि खालचा दगड वर आला. नाग नदीचा बिघाड वेगळा. लाव्ह्याकडून अंबाझरीमार्गे येणारी ही नदी शहर ओलांडेपर्यंत सांडपाण्याची वाहिनी होते आणि तशीच पुढे कन्हानकडे जाते. हिंगणा किंवा काटोल रस्त्याच्या आजूबाजूच्या झुडपी जंगलात माती आहे, पाऊसही आहे, पण घाणेरीने, आपल्याकडच्या भाषेत रायमुनियाने, गवताला जागाच ठेवलेली नाही. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या तलावांवर तर माती नावाचा प्रकारच नाही. राख बहुधा अल्कधर्मी, नत्र जवळपास शून्य, आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर उडणारी.

चार जागा, चार वेगळे बिघाड, आणि चारही ठिकाणी ‘पाच हजार रोपं लावा’ हे एकच उत्तर चालणार नाही. या विषयातली जागतिक संस्था, सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन, परिसंस्था पुनर्स्थापनेची व्याख्या अशी करते: खालावलेल्या, नुकसान झालेल्या किंवा नष्ट झालेल्या परिसंस्थेला सावरायला साहाय्य करण्याची प्रक्रिया. सावरतो निसर्गच, आपण अडथळे काढायचे. कधी त्यासाठी रोपं लावावी लागतात, कधी घाणेरी मुळासकट काढावी लागते, कधी दोन-तीन पावसाळे चराई थांबवावी लागते, आणि कधी तलावात येणारा एक घाण नाला वळवला तरी पुष्कळ होतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनर्स्थापनेचं दशक जाहीर केल्यापासून हा शब्द सरकारी कागदांत आणि कंपन्यांच्या अहवालांत सर्रास दिसतो. काम जाणणारी माणसं मात्र त्या मानाने कमीच आहेत.

पहिली पायरी: पदवीचं नाव शोधू नका, विषय जुळवा

‘रिस्टोरेशन इकॉलॉजी’ असं नाव असलेली पदवी शोधत बसाल तर वर्ष वाया जाईल. हा विषय माती, वनस्पती, पाणी, प्राणी आणि माणसं यांच्या सांध्यावर उभा आहे. पदवीला यातले दोन विषय पक्के करायचे आणि उरलेले बाहेरून शिकायचे, असं धोरण ठेवा.

माझं मत विचाराल तर बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र मुख्य विषय घ्या आणि सोबत भूगर्भशास्त्र किंवा रसायनशास्त्र मिळत असेल तर पाहा. वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र ही जोडी लोकप्रिय आहे, वाईटही नाही, पण खाणीच्या ढिगाऱ्यावर उभं राहिल्यावर पायाखाली काय आहे हे कळलं नाही तर वरच्या झाडाबद्दल बोलण्यात अर्थ उरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनरच्या जोड्या महाविद्यालयागणिक बदलतात. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा: कोणती मायनर खरोखर शिकवली जाते, आणि कोणती फक्त पुस्तिकेत छापलेली आहे?

नुसतं पर्यावरणशास्त्र घेऊन पदवी करावी का, हा प्रश्न हमखास येतो. इथे एक व्यवहारी अडचण आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो, किंवा मग कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. वनसेवेत जायचा विचार आज मनात नसेलही, पण ते दार अठराव्या वर्षीच बंद कशाला करायचं? पर्यावरणशास्त्र आवडत असेल तर यादीतल्या एका विषयासोबत घ्या.

दुसरा रस्ता कृषी आणि वनशास्त्राचा. नागपूरचं कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचं आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली येतं. महाराजबाग त्याच्याच अखत्यारीत. प्रवेश एमएचटी-सीईटीने होतो. मृदाशास्त्र इतकं नीट दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळतं. वनशास्त्राची पदवी हवी तर अकोला किंवा दापोली गाठावं लागेल. अभियांत्रिकीकडे कल असणाऱ्यांनी स्थापत्य करून पर्यावरण अभियांत्रिकीकडे वळावं. सांडपाणी आणि नदीच्या कामांत तीच माणसं लागतात.

कला शाखेच्या मुलांनीही हिरमुसायचं कारण नाही. भूगोल किंवा समाजशास्त्र घेऊन नकाशे आणि गावाशी बोलायची कला शिकलेला माणूस या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

दुसरी पायरी: नागपूर वापरा

देशात फार कमी शहरांना मिळालंय ते नागपूरला मिळालंय: माती, खनिज, जंगल, पाणी आणि उपग्रहचित्रं या सगळ्यांची मोठी कार्यालयं एका शहरात. विद्यार्थ्यांना याचा पत्ताच नसतो, कारण ही कार्यालयं परीक्षेत येत नाहीत.

नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, सगळ्यांना नावाने माहीत असते. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली, १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पण नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव इथल्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरीने जे काम केलं, ते इथल्या फार थोड्या मुलांनी ऐकलेलं असतं. साखर कारखान्यातून निघणारी मळी, म्हणजे प्रेसमड, ढिगाऱ्यात मिसळून सेंद्रिय कर्ब वाढवायचा, रायझोबियम आणि अ‍ॅझोटोबॅक्टरसारखे नत्र स्थिर करणारे जिवाणू द्यायचे, मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी द्यायची आणि मग रोपं लावायची, अशी ती पद्धत. आधी जमिनीत जीव आणायचा, झाड नंतर, हा क्रम समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही, आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. सांडपाणी वनस्पतींच्या मदतीने स्वच्छ करणारं फायटोरिड तंत्रही नीरीचंच.

अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय आहे. देशाच्या मातीचे नकाशे तयार करणारी ही संस्था. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, व्हीएनआयटीच्या आवारात. खाणींच्या आराखड्यांवर लक्ष ठेवणारं भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय वनभवन इथेच, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळही इथेच. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या दोन मोठ्या खाणकंपन्यांची मुख्यालयंही नागपुरात.

इथे शिरायचं कसं? ‘मला इंटर्नशिप हवी’ अशा एका ओळीच्या ईमेलला उत्तर येत नाही. संस्थेतल्या एखाद्या शास्त्रज्ञाचं प्रसिद्ध झालेलं काम वाचा, त्यातला एक नेमका प्रश्न काढा, विभागप्रमुखांचं पत्र जोडा आणि सुट्टीच्या दोन-तीन महिने आधी लिहा. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि समाजसंपर्काच्या कामाला श्रेयांक आहेत. बहुतेक मुलं ते कुठूनतरी प्रमाणपत्र आणून उरकतात. तुम्ही हेच श्रेयांक पुनर्स्थापनेच्या कामाला लावा, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

तिसरी पायरी: वर्गात न मिळणाऱ्या गोष्टी शिका

सगळ्यात आधी झाडं, आणि त्याहून आधी गवतं ओळखायला शिका. नागपूरच्या आसपासचं मूळ जंगल म्हणजे शुष्क पानझडी वन: साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, चार म्हणजे चारोळी, सालई, बिजा, पळस, खैर; ओढ्याकाठी जांभूळ, उंबर आणि कहू म्हणजे अर्जुन. दोन वर्षांत साठ-सत्तर झाडं पानाशिवाय, नुसत्या सालीवरून ओळखता आली पाहिजेत, कारण सर्वेक्षणं बरीचशी फेब्रुवारी ते मे या पानगळीच्या दिवसांत होतात. गवतांचं उलट. पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा ही गवतं फुलोऱ्याशिवाय ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं, म्हणून पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे आठवडे गवतासाठी राखून ठेवा. पेंच, ताडोबा, मेळघाटात गावं पुनर्वसित झाल्यावर रिकाम्या झालेल्या जमिनींवर कुरणं तयार करायची कामं होतात. तिथे गवत ओळखणारा माणूस शोधूनही सापडत नाही.

परक्या वनस्पतींची यादी पाठ असू द्या: घाणेरी, गाजरगवत, रानतुळस, विलायती बाभूळ, सुबाभूळ, बेशरम, जलपर्णी. यातल्या काही ‘वृक्षारोपण’ म्हणूनच लावल्या गेल्या, हेही लक्षात ठेवा.

मग माती. नमुना घ्यायची साधी पद्धत हाताने दहा वेळा करा: वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत कडेची एकसारखी चकती, शेतात किंवा प्लॉटवर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणांहून, सगळं एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश कळतं. प्रयोगशाळा न सांगणारी एक गोष्ट तुम्हालाच मोजावी लागते, ती म्हणजे जमीन पाणी किती वेगाने पिते. दोन्ही बाजूंनी उघडा लोखंडी डबा जमिनीत ठोकायचा, पाणी ओतायचं, पातळी दर पाच मिनिटांनी नोंदायची. आपल्या काळ्या मातीत मे महिन्यात ही चाचणी फसवते. भेगांमधून पाणी झरझर उतरतं आणि जमीन फार छान आहे असं वाटतं. तीच माती फुगली की पाणी वर तुंबतं. म्हणून चाचणी ओल्या जमिनीत पुन्हा करा आणि दोन्ही आकडे लिहा. ओबीच्या ढिगाऱ्यावर डंपरच्या चाकांनी दाबलेला थर सापडतो. तिथे खड्डा खणताना पहार टणकन वाजते, आणि रोपं का मरतात याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

संगणकावर क्यूजीआयएस ही नकाशे करायची प्रणाली शिका. फुकट आहे, मराठीतही शिकवणारे व्हिडिओ सापडतात. गुगल अर्थवर जुनी चित्रं मागे मागे नेऊन तुमच्या जागेचा वीस वर्षांचा इतिहास काढा. सेंटिनेल-२ उपग्रहाची, दहा मीटरचा एक ठिपका अशी चित्रं मोफत मिळतात, त्यावरून हिरवाईचा निर्देशांक काढता येतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की उपग्रहाला घाणेरीही हिरवीच दिसते.

संख्याशास्त्र कंटाळवाणं वाटतं, मान्य. तरी नमुना किती घ्यायचा, नियंत्रण प्लॉट, म्हणजे हात न लावता ठेवलेला तुकडा, का लागतो आणि सरासरी कुठे फसवते, एवढं तरी आलंच पाहिजे.

चौथी पायरी: एक बिघडलेली जागा धरा आणि तीन पावसाळे सोडू नका

हा या लेखाचा खरा गाभा. पदवीच्या तीन-चार वर्षांत दहा शिबिरं करण्यापेक्षा एक जागा धरलेली बरी. जागा लहान असू द्या. महाविद्यालयाच्या आवाराचा पडीक कोपरा चालेल, गावाकडचं गायरान चालेल, बोडीचा, म्हणजे छोट्या तळ्याचा, काठ चालेल. सलग वीस बाय वीस मीटर पुरे.

जागा कोणाची आहे, हे सातबारा काढून आधी बघा. पूर्व विदर्भात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद अनेक ठिकाणी सापडेल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनींचा वाद दशकानुदशके चालला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच असल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे खड्डाही खणायचा नाही. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पात नमुने गोळा करायला वेगळी परवानगी लागते आणि तिला महिने लागतात. खाणीच्या ढिगाऱ्यावर तर व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीशिवाय आणि त्यांच्या माणसाशिवाय पाऊल टाकू नका. पावसाळ्यात ते उतार घसरतात.

परवानगी झाली की लगेच लागवडीला धावायचं नाही. पहिलं वर्ष फक्त बघायचं. जागेच्या चार कोपऱ्यांवर खुणेचे दगड रोवा आणि त्याच दगडावरून त्याच दिशेला जून, ऑक्टोबर आणि मे महिन्यात फोटो काढा. गवत आणि छोट्या रोपांसाठी एक बाय एक मीटरचे चौकोन, झुडपांसाठी पाच बाय पाच, झाडांसाठी दहा बाय दहा. सुतळी आणि चार खुंट्यांत काम होतं. काय उगवलंय, किती, किती उंच. ढोरं कधी येतात, कोणाची, कुठल्या वाटेने. उन्हाळ्यात वणवा लागतो का, कोण लावतं, मोहफुलं वेचायला की नवं गवत यावं म्हणून. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे साचतं.

सोबत संदर्भस्थळ शोधा. त्याच मातीवर, तशाच उतारावर, कमी बिघडलेली जागा म्हणजे संदर्भस्थळ. नागपूरकरांना गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या जंगलातला एखादा शांत तुकडा उपयोगी पडेल; गावात देवस्थानाभोवती राखलेली झाडी असेल तर फारच छान. तिथेही तेच चौकोन टाका. दोन याद्या शेजारी ठेवल्या की काय हरवलंय ते समोर येतं.

पुष्कळदा असं दिसेल की जागेवर पळस, तेंदू, धावडा आधीच आहेत, फक्त दरवर्षी चरून, तोडून, जळून गुडघाभर उंचीची झुडपं राहिली आहेत. जमिनीखाली त्यांची मुळं जुनी आणि खोल असतात. अशा ठिकाणी नर्सरीतलं रोप लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं. कुंपण करा, आग थांबवा, एका बुंध्यावर फुटलेल्या आठ धुमाऱ्यांपैकी दोन ठेवून बाकी काढा. तीन पावसाळ्यांत ती झुडपं डोक्यावर जातील, तीही नवतप्याच्या उन्हात टँकरने पाणी न घालता. उलट जी जागा मुळातच गवताळ माळ आहे, तिथे मियावाकी या दाट लागवडीच्या पद्धतीच्या नावाने चौरस मीटरला तीन-चार रोपं कोंबणं म्हणजे चांगल्या माळाचा बिघाड करणं. शहरातल्या एखाद्या कोपऱ्यात ती हौस ठीक आहे, झुडपी जंगलात नाही.

दुसऱ्या वर्षी हात लावायचा. घाणेरी काढायची ती खोडाला कापून नाही. कापली की दुपटीने फुटते. मुळाच्या मानेखाली, जमिनीत दोन-चार इंच खाली घाव घालून उलटी करून ठेवायची, आणि तीही फळं पिकायच्या आधी. काढलेल्या जागी लगेच गवताचं बी पडलं नाही तर पुढच्या पावसात रानतुळस आणि तरोटा ती जागा घेतात. उताराला पाणी पळत असेल तर आधी माथ्यावर समतल चर आणि घळीत अनघड दगडी बांध, लागवड त्यानंतर.

बी गोळा करायचं वेळापत्रक वहीत लिहून ठेवा, कारण यात चूक झाली की वर्ष जातं. खैराच्या शेंगा हिवाळ्यात. चारोळी एप्रिल-मेमध्ये, कवच टणक. पळसाच्या शेंगा मे-जून. मोहाच्या टोळ्या, म्हणजे फळं, आणि जांभळं पावसाच्या तोंडावर पिकतात. यांचं बी साठवता येत नाही, आज वेचलं की उद्या-परवा मातीत गेलं पाहिजे. कडुनिंबाचं बीही काही आठवड्यांतच मरतं. बहाव्याचं उलट: कवच इतकं कठीण की खरवडल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय उगवायचं नाव घेत नाही. सालईचं बी भरवशाचं नसतं, पण मनगटाएवढी फांदी उन्हाळ्याच्या शेवटी रोवली तर ती धरते. गवताचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडून घ्यायचं, गोणपाटात कोरडं ठेवायचं आणि पुढच्या मृगाला टाकायचं. बऱ्याच गवतांचं बी मधले काही महिने झोपलेलंच असतं, लगेच पेरलं तर उगवत नाही.

तिसऱ्या वर्षी मोजणी. रोपं किती जगली हे पावसाळ्यानंतर मोजलं तर आकडा नेहमी सुरेख येतो, फोटोही छान येतात. खरा आकडा मे महिन्याच्या शेवटी कळतो. दोन्ही लिहा. त्यापलीकडे सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशनच्या मानकांत सहा अंगं दिली आहेत: धोके थांबले का, माती-पाण्याची स्थिती, प्रजातींची रचना, थरांची विविधता, परिसंस्थेची कार्यं, आणि आजूबाजूच्या परिसराशी देवाणघेवाण. प्रत्येकाला एक ते पाच तारे. स्वतःच्या जागेला तारे देताना कंजूष राहा.

या सगळ्यात गावाला बाजूला ठेवलं तर कुंपण एका रात्रीत जातं. गुराख्याशी आधी बोला, त्याला चाऱ्यासाठी पर्यायी जागा कुठली ते ठरवा, गवत कापून न्यायची मुभा द्या. भंडारा-गोंदियातल्या मामा तलावांमध्ये, म्हणजे माजी मालगुजारी तलावांमध्ये, ढिवर समाजाच्या लोकांनी बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण मासे कुठल्या वनस्पतीत अंडी घालतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड रान पुन्हा उभं केलं आणि २०१४ मध्ये भारत जैवविविधता पुरस्कार मिळवला. अभ्यासक्रमात नसली तरी ही दोन उदाहरणं प्रत्यक्ष जाऊन बघण्यासारखी आहेत.

पाचवी पायरी: एम.एस्सी. कुठे

नागपूर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्राचे पदव्युत्तर विभाग आहेत. इथेच थांबायचं असेल तर प्रबंधाचा विषय तुमच्या जागेवरचा घ्या आणि सहमार्गदर्शक वर सांगितलेल्या संस्थांपैकी एकातला मिळतो का बघा. बाहेर जायचं तर भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था जवळ आहे, पण तिथला भर व्यवस्थापनावर असतो आणि प्रवेश कॅटसारख्या परीक्षेतून होतो. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. पुद्दुचेरी विद्यापीठाचा परिसंस्थाशास्त्राचा विभाग नावाजलेला, आणि पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे. दिल्ली विद्यापीठाच्या खालावलेल्या परिसंस्थांच्या व्यवस्थापन केंद्राने यमुनाकाठची आणि अरवलीतली जैवविविधता उद्यानं उभारली. निदान ती उद्यानं तरी एकदा जाऊन बघा, अरवलीतलं उद्यान जुन्या खाणींवर उभं आहे. गेट परीक्षेत ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ असा स्वतंत्र पेपर आहे, संशोधनाकडे जाणाऱ्यांनी त्याची तयारी करावी.

सहावी पायरी: काम कुठे मिळतं

पहिली नोकरी बहुधा कंत्राटी असेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. व्याघ्र प्रकल्पांमध्ये जीवशास्त्रज्ञ, संशोधन संस्थांमध्ये प्रकल्प सहायक, स्वयंसेवी संस्थांमध्ये फील्ड समन्वयक अशी सुरुवात होते. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागार कंपन्यांना परिसंस्था आणि जैवविविधतेचा तज्ज्ञ ठेवावाच लागतो. तिथे पैसे नियमित मिळतात. अहवाल कोणासाठी लिहिला जातोय याचं भान मात्र तुम्हालाच ठेवावं लागतं. खाणींना बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि जमीन टप्प्याटप्प्याने पूर्ववत करायची असते, त्यामुळे खाणपट्ट्यात ही मागणी टिकून राहील. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. ही नोंदवही नीट करून देणारे तरुण गावांना हवे असतात, आणि विद्यार्थी असतानाच हे काम करता येतं.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांची फाईल पातळ असली तरी चालेल. तीन पावसाळ्यांचे त्याच दगडावरून काढलेले फोटो, दोन्ही हंगामांतले जगण्याचे आकडे, मातीचे अहवाल आणि मेलेल्या रोपांची कारणं एवढं घेऊन जा. समोरचा माणूस क्षेत्रातला असेल तर मेलेल्या रोपांबद्दलच जास्त विचारेल.

आणखी एक काम आहे, ज्याकडे अजून फारसं कोणी वळलेलं नाही: देशी गवताचं आणि रानझाडांचं बी पुरवणारी नर्सरी. बाजारात सहज मिळतात ती सुबाभूळ, गुलमोहर, कॅशिया यांची रोपं. पवन्याचं दहा किलो बी हवं म्हटलं तर शोधावं लागतं. गावाकडे दोन एकर पडीक असेल तर याचा विचार करा. फक्त हिशोब मांडताना ध्यानात घ्या की गिऱ्हाईक जूनमध्ये येतं आणि त्याला द्यायचं बी आदल्या नोव्हेंबरात गोळा करून ठेवावं लागतं. म्हणजे पहिल्या वर्षी विक्री शून्य, खर्च मजुरीचा आणि गोणपाटांचा. आणि उगवणक्षमता स्वतः तपासून, कागदावर लिहून दिल्याशिवाय वनविभाग किंवा खाणकंपनीकडे कोटेशन घेऊन जाऊ नका.